दाताची कॅप आणि हिरडी: मटेरियल निवडण्यापासून जुनी कॅप बदलण्यापर्यंत

दुपारची ओपीडी संपत आली होती. एक काकू खुर्चीत बसल्या, बोटाने वरचा ओठ उचलला आणि म्हणाल्या, "डॉक्टर, कितीही घासलं तरी ही काळी रेघ जात नाही हो."

समोरच्या दाताला दहा-अकरा वर्षांपूर्वी बसवलेली मेटल सिरॅमिक कॅप होती. हिरडीला लागून, पेन्सिलीने ओढावी तशी करडी-काळी रेघ. काकू वर्षभर ती रेघ घाण समजून कडक ब्रशने घासत होत्या. घासून घासून हिरडी आणखी वर सरकली, रेघ आणखी रुंद दिसू लागली, म्हणून काकू आणखी जोरात घासू लागल्या.

"काकू, ही घाण नाही. कॅपच्या आतल्या धातूची कड आहे ती."

"मग तेव्हाच कुणी सांगितलं का नाही?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. कॅप बसवताना रंग, किंमत आणि वॉरंटी कार्ड या तीन गोष्टींवर भरपूर बोलणे होते. कॅपची कड जिथे संपते तिथे एक जिवंत हिरडी पुढची पंधरा-वीस वर्षे तिच्याशी संसार करणार आहे, हे मात्र बोलायचे राहून जाते. म्हणून कॅप ठरवण्याआधीपासून ती म्हातारी होईपर्यंत पेशंटने काय विचारावे, काय बघावे आणि काय करावे, ते इथे क्रमाने लिहिते आहे.

आधी हिरडीची बाजू समजून घ्या

हिरडी दाताला नुसती टेकलेली नसते. वरच्या बाजूला एक उथळ खाच असते, फ्लॉसचा दोरा जातो ती. तिच्या तळाशी हिरडीची त्वचा दाताला चिकटलेली असते आणि त्याखाली, हाडापर्यंत, तंतूंची पकड असते. गार्जुलो, वेन्झ आणि ऑर्बन या तिघांनी १९६१ साली याची मोजमापे प्रसिद्ध केली. खाच सरासरी ०.६९ मिमी, चिकटलेली त्वचा ०.९७ मिमी आणि तंतूंची पकड १.०७ मिमी. शेवटच्या दोन्ही मिळून साधारण २ मिमी, म्हणजे ज्वारीच्या दाण्याच्या निम्म्याइतकी जागा. माणसागणिक आणि दातागणिक हा आकडा कमी-जास्त होतो. पण कॅपची कड या पट्ट्यात घुसली की हिरडी गप्प बसत नाही. एक तर ती कायम लाल आणि फुगलेली राहते, नाहीतर हाडासकट मागे सरकून स्वतःची जागा पुन्हा करून घेते. अशा वेळी कॅप सोन्याची असली काय आणि झिर्कोनियाची असली काय, हिरडीला सारखेच.

मग मटेरियलचा संबंध येतो कुठे? माझ्या मते चार ठिकाणी. एक, धातूतून सुटणारे कण, विशेषतः निकेल, आणि त्याची ॲलर्जी. दोन, पृष्ठभाग किती गुळगुळीत राहतो. खरखरीत जागी प्लाकचा, म्हणजे जंतूंचा चिकट, थर पटकन धरतो. तीन, त्या मटेरियलला किती जाडी लागते, कारण जाडीला जागा मिळाली नाही की कॅप बाहेर फुगते. चार, कड लपवण्यासाठी ती हिरडीखाली किती न्यावी लागते. बहुतेक पेशंटना पहिल्याची भीती वाटते. प्रत्यक्षात हिरड्या बिघडवतात त्या पुढच्या तीन गोष्टी.

पायरी १: हिरडी बरी करा, मग माप द्या

रूट कॅनल संपले की लगेच त्याच बैठकीत कॅपचे माप द्यायची घाई असते. पेशंटला रजा मिळत नाही, डॉक्टरलाही काम संपवायचे असते. पण सुजलेली हिरडी जरा हात लागला की रक्त सोडते, आणि रक्ताखाली दाताची कड मापात नीट उतरत नाही. आजकाल पेस्टऐवजी स्कॅनर वापरतात, तरी अडचण तीच. स्कॅनर म्हणजे कॅमेरा. जे कोरडे आणि उघडे आहे तेवढेच त्याला दिसते. माप अंधुक आले की लॅबवाला कड अंदाजाने ओढतो. त्या अंदाजाची फट पुढे हिरडीला भोवते.

म्हणून कॅपच्या दातावर आणि आजूबाजूच्या दातांवर कीटण, म्हणजे साचून कडक झालेला थर, असेल तर आधी स्केलिंग, म्हणजे मशीनने सफाई, करून घ्या. त्यानंतर किमान दोन-तीन आठवडे नीट ब्रश करा. हिरडी इतक्या दिवसांत खरेच सुधारते. हॅराल्ड लो यांनी डेन्मार्कमध्ये एक प्रयोग केला होता. त्याचा अहवाल १९६५ साली आला. निरोगी हिरड्यांच्या बारा जणांना, ज्यांत बहुतेक दंतवैद्यकाचे विद्यार्थीच होते, दात घासणे बंद करायला सांगितले. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. घासणे पुन्हा सुरू केल्यावर आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या.

याच टप्प्यावर काही गोष्टी आपणहून सांगा, डॉक्टर विचारोत न विचारोत. मधुमेह आहे का आणि शेवटचा एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) किती होता; साखर चढी असली की हिरडीची सूज लवकर उतरत नाही. बीपीसाठी अमलोडिपिन चालू आहे का. काही जणांत या गोळीने हिरडी वाढते, आणि वाढलेली हिरडी कॅपवर चढते. फिटच्या आजारासाठीच्या फेनिटॉइनचेही तसेच. या गोळ्या मनाने बंद करू नका, फक्त सांगा. बदलायची असेल तर ती देणारे डॉक्टर ठरवतील. बिडी-सिगारेट ओढत असाल तर तेही सांगा. ओढणाऱ्यांच्या हिरडीतून रक्त कमी येते, त्यामुळे आतून दुखणे वाढत असूनही वरून सगळे ठीक दिसते. मशेरीची गोष्ट सांगायला बायका लाजतात. लाजू नका. हिरडीवर मशेरी ज्या जागी घासली जाते तिथेच हिरडी खाली-वर सरकलेली असते, ते आम्हाला दिसतेच.

आणि एक साधा प्रश्न स्वतःला विचारा. खोटे कानातले घातले की कानाच्या पाळ्या चिघळतात का? घड्याळाच्या पट्ट्याखाली, जीन्सच्या बटणाखाली, खोट्या गळ्यातल्याखाली पुरळ उठते का? हे निकेलचे लक्षण असू शकते. खात्री करायची तर त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर पॅच टेस्ट करतात. त्वचेवर ॲलर्जी असलेल्या प्रत्येकाला तोंडात त्रास होतोच असे नाही. लाळ सतत धुऊन नेत असल्याने तोंडाची त्वचा पुष्कळ सोसते. तरीही असा इतिहास असताना निकेलची कॅप मुद्दाम कशाला बसवायची?

पायरी २: कड कुठे येणार, हे विचारा

छोटा एक्स-रे, ज्याला दवाखान्यात आरव्हीजी म्हणतात, तो बघताना डॉक्टरांना सरळ विचारा: "कॅपची कड हिरडीच्या वर येईल, बरोबरीने की खाली?"

हिरडीसाठी सर्वांत चांगली कड हिरडीच्या वर असते. ती दिसते, ब्रश पोहोचतो, कॅप चिकटवायचे सिमेंट उरले तर काढता येते. दाढेला तिथे कोण बघायला येतो! बरोबरीची कडही चालते. हिरडीखाली कड नेण्याची कारणे मोजकी आहेत: कीड किंवा जुने फिलिंग तिथपर्यंत गेलेले असणे, दात इतका बुटका असणे की कॅपला पकड मिळत नाही, किंवा समोरच्या दातात कड लपवायची असणे. तेव्हाही अर्धा मिलिमीटर, फार तर एक, इतकेच खाली.

दात हिरडीच्या बराच खाली तुटला असेल तर कॅप खोल रेटण्याऐवजी आधी हिरडी आणि गरज पडली तर हाड थोडे खाली घेण्याची छोटी शस्त्रक्रिया करतात. तिला क्राउन लेंग्थनिंग म्हणतात. दाढेला त्यानंतर सहा-आठ आठवडे थांबावे लागते. समोरच्या दातांना तीन ते सहा महिने, कारण हिरडी कुठे स्थिरावते हे तोवर कळत नाही. तेवढे थांबायला पेशंट कुरकुरतात. दुसरा मार्ग ऑर्थोडॉन्टिस्टकडून, म्हणजे तारा लावून दात सरकवणाऱ्या डॉक्टरांकडून, दात हळूहळू वर ओढून घेण्याचा आहे. दोन्ही शक्य नसेल तर तो दात ठेवावा की नाही, हाच प्रश्न प्रामाणिकपणे विचारायला हवा.

पायरी ३: मटेरियल निवडणे

आता मुख्य भागाकडे. दवाखान्यात पेशंटसमोर साधारण "साधी, सिरॅमिक, झिर्कोनिया" अशी किमतीची शिडी मांडली जाते. हिरडीच्या बाजूने ती शिडी वेगळी दिसते.

पूर्ण धातूची कॅप. आपल्याकडे ती बहुधा निकेल-क्रोमियमची असते, काही वेळा कोबाल्ट-क्रोमियमची. दिसायला चंदेरी, म्हणून तिला कुणी विचारत नाही. पण कडेला अर्धा मिलिमीटर जाडीही तिला पुरते, त्यामुळे दात कमी तासावा लागतो आणि कॅप फुगत नाही. धातू चांगला पॉलिशही होतो. निकेलचा त्रास नसेल आणि दाढ अगदी मागची असेल, तर ही स्वस्त कॅप हिरडीला मुळीच वाईट नाही. निकेल सोसत नसेल तर कोबाल्ट-क्रोमियम आहे, पण ऑर्डर देताना लॅबला 'निकेल नको' हे लेखी कळवायला हवे. सोन्याच्या मिश्रधातूची कॅप हिरडीशी उत्तम जुळते. तिची कड इतकी बारीक बसवता येते की जुने दंतवैद्य अजून तिचे नाव काढतात. सोन्याचा भाव बघता आता ती कुणी सुचवत नाही.

मेटल सिरॅमिक. आत धातूची टोपी, वर भाजलेले पोर्सेलेन. १९६२ सालच्या वाइनस्टाइन पेटंटपासून ही पद्धत रुळली आणि अजूनही गावोगावी सर्वांत जास्त दिसते. पोर्सेलेन पॉलिश असेपर्यंत हिरडीला आवडते. हिची दुखरी जागा म्हणजे कड. धातूचा काळपटपणा झाकायला त्यावर आधी एक अपारदर्शक पांढरा थर देतात, त्यावर दातासारख्या रंगाचे पोर्सेलेन. कडेला या तिन्ही थरांना मिळून जागा लागते, दर्शनी बाजूला १.२ ते १.५ मिमी. जागा नसेल तर दोनपैकी एक होते. पांढरा थर कडेला उघडा पडतो, तो खडबडीत असतो आणि त्यावर प्लाक बसतो. किंवा लॅब पोर्सेलेन वाढवते आणि कॅप पोट सुटल्यासारखी हिरडीवर झुकते. शिवाय समोरच्या दातात धातू दिसू नये म्हणून कड हिरडीखाली नेतात. हिरडी पातळ असली तर खालचा धातू करडा झाकोळतो, आणि पुढे हिरडी सरकली की काकूंची ती रेघ. हल्ली 'डीएमएलएस' नावाने जी कॅप सांगतात, तीत आतली कोबाल्ट-क्रोमियमची टोपी ओतण्याऐवजी लेझरने थर थर जोडून बनवतात. माप चांगले असेल तर बसते छान. पण ती मेटल सिरॅमिकच आहे, झिर्कोनिया नाही. दराच्या यादीत ती मधेच उभी असते म्हणून पुष्कळांचा गोंधळ होतो.

झिर्कोनिया. इट्रियाने स्थिर केलेले झिर्कोनियम ऑक्साइड, धातूविना, दातासारख्या रंगाचे. निकेलचा प्रश्नच नाही, काळी रेघ नाही, आणि कड लपवायची गरज नसल्याने ती हिरडीच्या वर ठेवता येते. माझ्या मते हाच तिचा हिरडीसाठी सर्वांत मोठा फायदा, आणि तोच वाया घालवला जातो. झिर्कोनियाचे पैसे भरून कड मात्र जुन्या सवयीने खोल, अशा कॅप मी नेहमी बघते. एकसंध झिर्कोनियाला अर्धा ते एक मिलिमीटर जाडी पुरते. पॉलिश केलेल्या झिर्कोनियावर जंतूंचा थर कमी चिकटतो असे प्रयोगशाळेतल्या तपासण्या दाखवतात, पण तोंडात त्या फायद्याला ब्रशची जोड लागतेच. पृष्ठभागाचा खडबडीतपणा ०.२ मायक्रॉनच्या आत आला की त्याहून गुळगुळीत करून प्लाकमध्ये फारसा फरक पडत नाही. तिथपर्यंत पोहोचणे मात्र महत्त्वाचे. कॅप बसवताना चावा उंच लागतो म्हणून डॉक्टर ती घासतात. झिर्कोनिया घासल्यावर पुन्हा पॉलिश केलीच पाहिजे. नाही केली तर खरखरीत भागावर थर धरतो आणि तिच्यावर चावणारा विरुद्ध जबड्यातला दातही झिजतो.

लिथियम डायसिलिकेट. पेशंटना 'ई-मॅक्स' या ब्रँडच्या नावाने माहीत. ही काच-सिरॅमिक आहे, समोरच्या दातात हिच्यासारखे रूप क्वचित मिळते, आणि हिरडीही तिच्याशी शांत राहते. मात्र ती बहुधा रेझिनने, म्हणजे प्लास्टिकसारख्या घट्ट होणाऱ्या सिमेंटने, चिकटवतात, आणि चिकटवताना थेंबभर रक्त किंवा लाळ लागली तर सगळे फसते. त्यामुळे खोल कड आणि रक्ताळलेली हिरडी असलेल्या दाताला ही घेऊ नये. ताकदीला झिर्कोनियाच्या मागे, म्हणून रात्री दात खाणाऱ्यांच्या मागच्या दाढांना मी सहसा सुचवत नाही.

लहान मुलांच्या दुधाच्या दाढांवर स्टीलची तयार कॅप लावतात. तिच्याभोवती हिरडी पहिले काही दिवस पांढरट-लाल दिसली तर घाबरू नका. स्टीलमध्येही निकेल असते, त्यामुळे माहीत असलेली ॲलर्जी आधी सांगा.

थोडक्यात माझी निवड अशी असते. मागची दाढ, बजेट कमी, निकेलचा त्रास नाही: धातूची किंवा मेटल सिरॅमिक, पण कड हिरडीच्या वर. दाढ आणि परवडत असेल: एकसंध झिर्कोनिया. समोरचा दात, हिरडी पातळ: लिथियम डायसिलिकेट किंवा पारदर्शक झिर्कोनिया. पण रूट कॅनलनंतर दात आतून काळवंडला असेल किंवा आत धातूचा पोस्ट, म्हणजे मुळात बसवलेली खुंटी, असेल, तर पारदर्शक मटेरियलमधून तो काळपटपणा झिरपतो. तेव्हा थोडे दाट मटेरियल लागते.

पायरी ४: दात तासण्याचा दिवस

इथे माझी एक चूक सांगते. प्रॅक्टिसची पहिली वर्षे. एका सरांच्या खालच्या दाढेला मेटल सिरॅमिक कॅप करायची होती. दात वाचवायचा म्हणून मी तो कमी तासला, आणि मनात जरा शाबासकीही दिली स्वतःला. कॅप आली ती बाहेरून वाटाण्यासारखी टपोरी. रंग सुंदर, चावा बरोबर, मी बसवली. सहा महिन्यांनी सर आले तेव्हा कॅपच्या पोटाखाली हिरडीचा लाल काठ होता आणि प्रोब (खाचेची खोली मोजायची बारीक सळई) लावताच रक्त. ब्रशचे केस फुगवट्यावरून उड्या मारत होते, हिरडीच्या काठाशी पोहोचतच नव्हते. मी दोनदा स्केलिंग केले, माउथवॉश दिले, ब्रश करायला शिकवले. शेवटी कॅप कापून काढली, दात नीट तासला, नवी कॅप केली. तीन आठवड्यांत लाली गेली. चूक मटेरियलची नव्हती. मी त्या मटेरियलला त्याची जागा दिली नव्हती.

तेव्हा "डॉक्टर, दात जास्त घासू नका" असा आग्रह धरण्याआधी विचारा: "या मटेरियलला जागा किती लागते?" दात वाचवायचाच असेल तर कमी जाडीचे मटेरियल निवडा, जाड मटेरियल कमी जागेत कोंबायला लावू नका.

मापाआधी हिरडी बाजूला करायला खाचेत एक बारीक दोरा घालतात. तो थोडा टोचतो, नंतर दोन-तीन दिवस हिरडी हुळहुळते. तो दोरा माप घेतल्यावर काढला का, हे विचारायला संकोच करू नका. चुकून राहिलेला तुकडा हिरडी सुजवतो.

तात्पुरत्या कॅपचे दिवस

हे आठ-दहा दिवस कुणी गंभीरपणे घेत नाही. तात्पुरती कॅप ॲक्रिलिकची असते, जरा सच्छिद्र, जरा खरबरीत, त्यामुळे तिच्यावर प्लाक लवकर धरतो. पेशंट ती निघेल या भीतीने त्या बाजूला ब्रशच लावत नाही. मग पक्की कॅप बसवायच्या दिवशी हिरडी रक्ताने भरलेली! ब्रश करा, मऊ करा. फ्लॉस घातला तर वर न ओढता बाजूने सरकवून बाहेर काढा, म्हणजे कॅप निघणार नाही. चिकट चिक्की, गुळाची ढेप त्या बाजूने चावू नका. कॅप निघालीच तर त्याच दिवशी दवाखान्यात जा. उघड्या दातावर हिरडी पसरते, आणि बरोबर बनलेली कॅपही मग बसत नाही.

पायरी ५: पक्की कॅप चिकटवण्याआधी आणि नंतर

चिकटवण्याआधी कॅप नुसती बसवून बघतात. हा तुमचा हक्काचा वेळ आहे, सिमेंट लागल्यावर काही बोलून उपयोग नाही. हातात आरसा घ्या. शेजारच्या दातापेक्षा कॅप हिरडीपाशी फुगलेली दिसते का? पोर्सेलेनची असेल तर कडेला पांढरा खडबडीत पट्टा उघडा आहे का? डॉक्टरांना दोन्ही बाजूंनी फ्लॉस घालून दाखवायला सांगा. फ्लॉस टक्क असा आवाज करत जायला हवा. सैल गेला तर तिथे मेथीची भाजी आणि मटणाचे धागे रोज अडकणार, आणि ती हिरडी सुजणार. दोरा फाटला तर कुठेतरी कड टोचते आहे. कडेची फट ०.१२ मिमीच्या आत असावी, असा दंडक १९७१ सालच्या एका अभ्यासापासून पाळला जातो. डोळ्यांनी ती दिसत नाही. डॉक्टर बारीक टोकाचा एक्सप्लोरर कडेवरून फिरवून बघतात. टोक अडकले तर कॅप परत लॅबला पाठवायला हवी. पेशंट "जाऊ द्या डॉक्टर, बसवून टाका, पुन्हा रजा नाही" म्हणतात तेव्हा मीही कधीकधी हरते. हरू नये.

चिकटवल्यानंतर सिमेंट उरते. हिरडीखाली राहिलेला सिमेंटचा कण म्हणजे कायमचे कीटण. साध्या ग्लास आयोनोमर सिमेंटचे तुकडे टचकन निघतात. रेझिन सिमेंट घट्ट झाल्यावर दगड होते, आणि दाताच्या रंगाचे असल्याने दिसत नाही. कड जितकी खोल तितका हा धोका जास्त. गाठ मारलेला फ्लॉस दोन्ही बाजूंनी ओढून सिमेंट काढतात. शक्य असेल तर शेवटी एक आरव्हीजी मागा. एक्स-रेत दिसणारे सिमेंट असेल तर दातांमधल्या फटीत उरलेला तुकडा त्यात कळतो. महिन्याभराने एकदा दाखवायला या. दुखत नसले तरी या.

वॉरंटी कार्डाचेही इथेच सांगून टाकते. दहा-पंधरा वर्षांची वॉरंटी असते ती कॅप फुटण्याची. हिरडी सुजणे किंवा कॅपखाली दात किडणे त्यात येत नाही.

घरी रोजचे

मऊ ब्रश, ४५ अंशांत तिरपा, केस हिरडीच्या काठाशी टेकलेले, जागच्या जागी लहान थरथर. आडवे खसाखसा नाही. कॅपला कीड लागत नाही, हे खरे. कडेखालच्या दाताला लागते, म्हणून फ्लोराइडची पेस्ट हवीच. रात्रीचे घासणे चुकवू नका. दातांमध्ये फट असेल तर फ्लॉसपेक्षा छोटा इंटरडेंटल ब्रश चांगला. तो आत जाताना जरा अडायला हवा, पण जोर लावावा लागू नये. योग्य आकार डॉक्टरांकडून एकदा ठरवून घ्या.

राखुंडी, कोळशाची पावडर, मिठाची खरखरीत दंतमंजने कॅपवर लावू नका. सिरॅमिकवरची चकाकी ओरखडते आणि हिरडीही सोलवटते. क्लोरहेक्सिडिनचा माउथवॉश डॉक्टरांनी सांगितलेल्या एक-दोन आठवड्यांपुरता ठीक. महिनोन्‌महिने वापरला तर दात आणि कॅपची कड तपकिरी होते. दर सहा महिन्यांनी स्केलिंगला जाल तेव्हा कोणत्या दातांना कॅप आहे ते आधी सांगा. मशीनचे धातूचे टोक पोर्सेलेनच्या कडेवर जोरात लागले तर टवका उडू शकतो. फ्लोराइड जेल लावायचे असेल तर आम्लयुक्त नको, न्यूट्रल द्या म्हणावे. आम्लाने पोर्सेलेनची झिलई जाते.

जुनी कॅप: कधी काळजी, कधी नुसती रेघ

कॅपभोवती रोज रक्त येणे, दाबल्यावर पू, तिथूनच येणारा वास, दोरा घातला की तो घाण वासाने बाहेर येणे, कॅप हलणे, एकाच दाताजवळ हिरडी गाठीसारखी वाढणे, या गोष्टींसाठी आठवड्याच्या आत दाखवा. डॉक्टर प्रोबने खाचेची खोली मोजतील. तीन मिलिमीटरपर्यंत आणि रक्त नाही, तर ठीक. त्याहून खोल आणि रक्त, तर एक्स-रे. त्यानंतर क्रम असा असावा: आधी सफाई, दोन-चार आठवड्यांनी पुन्हा मोजणी, आणि तरीही एकाच कॅपभोवती लाली राहिली तर ती कॅप संशयित. सगळ्याच दातांची हिरडी लाल असेल तर कॅप बदलून काही होणार नाही. तिथे सफाई, साखर, तंबाखू बघायला हवे.

निकेलचा संशय कधी घ्यावा? सफाई चोख, कड बरोबर, कॅपचा आकार बरोबर, आणि तरी नेमक्या त्या धातूला टेकणाऱ्या हिरडीवर किंवा गालावर लाल-पांढरा चट्टा. आधी पॅच टेस्ट, मग निर्णय. नुसत्या संशयावर तोंडातल्या सगळ्या कॅप काढायला सांगणाऱ्यांपासून दूर राहा. आणि तोंडातला कोणताही चट्टा दोन आठवड्यांहून जास्त राहिला, विशेषतः तंबाखू-मशेरी असताना, तर कॅपचा विषय बाजूला ठेवून तज्ज्ञाला दाखवा.

काळ्या रेघेने स्वतः आजार होत नाही. हिरडी गुलाबी, रक्त नाही, दात कडेला किडलेला नाही, तर रेघ फक्त दिसण्याचा प्रश्न आहे. बदलायची की नाही ते तुम्ही ठरवा. बदलणार असाल तर हेही लक्षात घ्या की जुनी कॅप कापताना थोडा दात जातो, आणि खाली काय निघेल ते आधी पूर्ण कळत नाही.

काकूंना मी हेच सांगितले. त्यांच्या कॅपखाली कीड नव्हती, खाच दोन मिलिमीटर, रक्त नाही. कडक ब्रश माझ्यासमोर कचऱ्याच्या डब्यात गेला, मऊ आला. मशेरी सोडायला तीन महिने लागले. कॅप बदलायची का, असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, "पुतणीच्या लग्नाआधी बघू." लग्न फेब्रुवारीत होते. नोव्हेंबरात आम्ही जुनी कॅप काढली. खाली दात काळवंडलेला निघाला, म्हणून जरा दाट झिर्कोनिया निवडली. तात्पुरती कॅप पाच आठवडे ठेवून हिरडी कुठे थांबते ते बघितले, मगच माप घेतले. नवी कड हिरडीच्या बरोबरीने ठेवली आहे. ओठ उचलून बघितले तर दात आणि कॅप जिथे मिळतात तिथे एक फिकट रेषा दिसते. काकूंनी आरशात ती बघितली आणि विचारले, "ही घासायची नाही ना?"